फोनसमोर घेतलेला पदर

परवा रक्त तपासायला गेले, तर नर्सने दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या गार वासासरशी मी थेट वाशीच्या दवाखान्यात पोचले, ऐंशीच्या आसपासच्या काळात.

तेव्हा मी करावे गावातली नवी सून होते. इंग्रजीत फोन घेता आला तर दवाखान्यात नोकरी, नाहीतर पुन्हा खाडीवर मासळी निवडणं. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘प्लीज होल्ड ऑन’ घोटून घेतलं होतं. मी घरी कोंबड्यांनाही गुड मॉर्निंग म्हणायचे. सासूबाई घाबरून म्हणाल्या, “सुनंला बाहेरचं लागलंय काय?”

अखेर फोन वाजला. मी शहाणी ताडकन उठले, चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, रिसीव्हर उचलला आणि वाकून म्हटलं, “गुड मॉर्निंग!”

कंपाउंडर खो खो हसला. “वहिनी, त्याला तिकडं दिसतंय काय?”

पुढचं वाक्य मी साफ विसरले. गेली नोकरी, वाटलं. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. “दिसत नसेल, पण आदर ऐकू जातो,” त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “हं, पुढे काय गं?”

“प्लीज होल्ड ऑन,” मी एकदाची म्हणाले.

पलीकडून आवाज आला, “ताई, मराठी येत नाय काय तुला?”

आता बाईही हसल्या, पण मला सोबत घेऊन. “उद्यापासून वेळेवर ये,” म्हणाल्या. त्या पगारावर माझ्या दोन्ही मुली शिकल्या. आजही देवापाशी दिवा लावताना मी बाईंचं नाव घेते.