कानांत कापूस, वर आकाशपाळणा

आमच्या घरची चारही माणसं एकदा कानांत कापूस कोंबून सौंसरहून पांढुर्ण्याच्या मेळ्याला गेली होती. कल्पना माझी होती. (घरातल्या सगळ्या फसलेल्या कल्पना शोधत गेलं, की माझ्याच दारात येऊन थांबावं लागतं.)

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ मिलिंद तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. बोलायचा थोडं, बघायचा खूप. फिरणारी वस्तू दिसली की त्याचं भान हरपे. पंखा चालेल, सायकलचं चाक चालेल, काही नसेल तर ताटात गरगरणारी वाटीही चालेल! मोठा आवाज मात्र त्याला मुळीच सोसत नसे. आज याला स्वमग्नता म्हणतात हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा डॉक्टर म्हणत, "मोठेपणी होईल नीट," आणि शेजारीण म्हणे, "नजर लागली." शेजारीण निदान फी तरी घेत नव्हती.

आदल्या वर्षी त्याला मेळ्यात नेलं होतं. दुरून आकाशपाळणा दिसला आणि पोरगं खुललं! पण तिथवर पोचायच्या आतच डोक्यावरचा भोंगा सुरू झाला. मिलिंद कान दाबून वाटेच्या मधोमध बसला आणि ओरडायला लागला. भोवती हीऽऽ गर्दी! लोक पाळणा सोडून आम्हालाच बघत राहिले. त्या दिवसापासून मिलिंद रोज सकाळी उठला की "पाळणा" म्हणे आणि बाबा पेपरात तोंड खुपसत. आईनं तर सणासुदीला घराबाहेर पडणंच सोडलं होतं. त्याच्याजवळ कुणीतरी राहायला हवं ना!

या खेपेला मी ठरवलं, याला पाळण्यात बसवीन तरच नावाची सुमन.

"पुरे झालं सुमे," बाबा म्हणाले. ते तहसील कचेरीत कारकून होते आणि चारचौघांत शोभा होण्याची त्यांना फार धास्ती. "लोकं कसे पाहून राह्यले होते, ध्यानात हाय नं?"

"लोकाईले पाहू द्या. याले पाळणा पाह्यजे."

"बरं. पन हे शेवटचं! यंदाही तसंच झालं, तं याच्यापुढं याले कुठंच न्याचं नाई. मेळा नाई, लगन नाई, काहीच नाई."

मी हो म्हटलं. आईची भाकरी थापायची थांबली होती.

उपाय सोपा होता. आमच्या मुलखात कापसाला काय तोटा? मी मिलिंदच्या कानांत दोन बोळे घातले. त्यानं माझे कान पाहिले, आईचे पाहिले, बाबांचे पाहिले आणि आपले बोळे काढून माझ्या हातात दिले. सगळ्यांनी केलं तरच आपण करायचं, हा त्याचा नियम. मग काय, सगळ्यांच्या कानांत कापूस! सवय व्हावी म्हणून रोजचं रात्रीचं जेवण आम्ही तसंच जेवू लागलो. बाबा मीठ मागून मागून थकले आणि शेवटी अळणीच खाऊ लागले. पण मिलिंदच्या कानांतला कापूस टिकला!

मेळ्याच्या दिवशी आम्ही त्याच थाटात गाडीत बसलो. कंडक्टर आला. "तिकीट! ओ भाऊ, तिकीट!" बाबा खिडकीबाहेर संत्र्यांचे बगीचे बघण्यात दंग. कंडक्टरनं त्यांचा खांदा हलवला, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि असा ओरडला की आमच्या कापसातूनही शिरलं, "पूरं घरच बहिरं हाय बापा!" झालं! साऱ्या गाडीला आमची दया आली. कुणी हातवारे करून कुठं जाता विचारलं, कुणी आईला जागा दिली. बाबांचे कान कापसाच्या भोवती लालबुंद झाले. पण मिलिंद आमच्याचकडे बघत होता, त्यामुळे बोळा काढायची कुणाची हिंमत नव्हती.

त्यात आईनं मला हळूच सांगितलं, "सुमे, त्या बाईच्या गळ्यातली पोत नकली दिसून राह्यली!" हळूच म्हणजे तिच्या मते. ड्रायव्हरनंसुद्धा वळून पोत पाहिली! पण ती बाई मोठ्या मनाची. बिचारी बहिरी म्हणून तिनं आईला संत्र्याच्या फोडी दिल्या. आईनं त्या खाल्ल्या आणि तितक्याच हळूच म्हणाली, "मनानं चांगली हाय वो, पन पोत नकलीच हाय."

पांढुर्णा आलं हे आम्हाला कळलंच नसतं. मिलिंदला खिडकीतून पाळण्याचं टोक दिसलं, तो ताडकन उठला आणि त्याच्यामागून आम्ही तिघं उतरलो.

मेळ्यात भोंगे ठणाणा करत होते. मिलिंद चालता चालता आमचे कान तपासत होता, पण चालत होता! भोंगा मागे पडला. पाळणा आला. आणि तिथं त्यानं पाळणेवाल्याचे कान पाहिले. उघडे!

मिलिंद थबकला. त्याचे हात स्वतःच्या कानांकडे गेले, गुडघे वाकायला लागले. चार माणसं वळून बघू लागली. बाबांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मला परतायची खूण केली. हा आत्ता खाली बसला असता, तर जन्मभर घरातच बसला असता. मी पिशवीतून कापूस काढला आणि तडक पाळणेवाल्याला गाठलं.

"भाऊ, हे कानात घाला."

"काहाले?"

"माह्या भावासाठी. तुमी घातलं तं तो बसते."

"अवो बाई, मंग मले कोनी आवाज देल्ला तं आयकू कसा येईन?"

"पाळण्यात बसून कोन आवाज देते? सारे मजेतच राह्यतात!" असं म्हणून मी स्वतःच्या हातानं त्याच्या कानांत बोळे बसवले. चांगले घट्ट बसवले.

मिलिंदनं ते पाहिले, आणि पाळण्यात जाऊन बसला! मी शेजारी बसले. मला उंचीची भीती वाटते हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? मलाच ते पहिल्या फेरीच्या टोकावर कळलं.

"थांबवा!" मी किंचाळले. पाळणेवाला इंजिनाकडे तोंड करून निवांत बसला होता. "ओ भाऊऽऽ! थांबवा नं!" वर-खाली बसलेले लोकही घाबरून ओरडायला लागले. त्याला कुणाचंच ऐकू जाईना! मी जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले. खालून आई-बाबांना वाटलं, पोरीला काय मजा येऊन राहिली! तेही दोन्ही हात हलवू लागले.

आणि मिलिंद हसत होता. त्याला एवढं खळखळून हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एरवी आपणहून कुणाला हात न लावणाऱ्या त्यानं माझा हात धरला होता. मला रडू आलं. थोडं आनंदाचं होतं, बाकीचं उंचीचं.

शेवटी बिडी पेटवायला पाळणेवाला मागे वळला, तेव्हा त्याला माझे हात दिसले आणि चाक थांबलं. मी रांगतच उतरले. मिलिंदनं सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "परत."

माझ्याशिवाय तो बसणार नव्हता. मी परत चढले. त्यानंतरही चढले. किती वेळा ते विचारू नका, माझं लक्ष पोटाकडे होतं. खाली लोक मिलिंदकडे बघत होते आणि बाबा कानातल्या कापसामुळे साऱ्या मेळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "आमचा हाय! तो हसून राह्यला नं, तो आमचा पोरगा हाय!" आई दोन्ही हातांत जिलेबी घेऊन, सगळीकडे बघत उभी होती.

परतीच्या गाडीत मिलिंदनं आपणहून कापूस काढला, म्हणून आम्हीही काढला. तो खिडकीशी शांत, हसतमुख बसला होता. मी आईच्या मांडीवर डोकं टाकून कण्हत होते. समोरच्या म्हाताऱ्या बाईनं आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि आईला हळहळून म्हणाली, "पोरगा मोठा गुनाचा दिसते वो बाई तुमचा. पोरगी लहानपनापासूनच असी हाय का?"

"हो नं माय," आईऐवजी बाबाच बोलले. "आता पुढच्या साली पोराले घेऊन येऊ. इले मात्र घरीच ठेवू."

मला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंड उघडलं असतं, तर कंडक्टरला गाडी धुवावी लागली असती.