रमीताईंचं फडकं आणि अडून बसलेला सर्व्हर

गेल्या सोमवारी तलासरीत माझी चांगलीच जिरली... आणि मला त्याचा आनंद आहे, म्हणून लिहितोय.

मी नरपडचा. डहाणू-तलासरी पट्ट्यात कॉम्प्युटरची कामं करतो, बारा वर्षं झाली. तलासरीहून आत एक छोटा धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या पेशंटच्या नोंदी ज्या सर्व्हरवर असतात, तो मीच बसवलाय.

महिन्याभरापूर्वी त्याची जुनी, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क काढून न फिरणारी एसएसडी टाकली आणि आधीपेक्षा नवी सिस्टीम चढवली. मॉनिटर, माऊस काढून नेले... कपाटातल्या मशीनला कशाला हवेत? कीबोर्ड तेवढा जोडलेला राहिला. काम एकदम चोख झालं, असं माझं ठाम मत होतं.

सोमवारी सकाळी तिथल्या डॉक्टर मॅडमचा फोन. "सर्व्हर सुरू होत नाहीये. शनिवारी पण त्रास दिला, मग आपोआप चालू झाला. आज चार वेळा बंद करून बघितला. लगेच या, पेशंट थांबलाय."

बाईक काढली, तासाभरात पोहोचलो. बाकड्यावर डोंगराकडच्या गावातले एक आजोबा होते, भात-नाचणी करणारे. ताप, धाप... शेजारी सून पाठीवरून हात फिरवत बसलेली.

मागच्या वर्षी एका इंजेक्शननंतर आजोबांच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या, घसा सुजला होता. कुठलं इंजेक्शन, ते दोघांनाही आठवेना. कागद पावसात भिजून गेला होता. नोंद होती ती फक्त सर्व्हरवर.

"मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं तरी तिथे हेच विचारतील," मॅडम म्हणाल्या. "ते नाव कळल्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही."

मी मॉनिटर जोडला. मशीन अर्ध्यावर येऊन गप्प उभं होतं... एरर नाही, काही नाही. केबल बदलली, रॅम काढून लावली, परत तेच. एसएसडीच खराब निघाली, असं मी जाहीर केलं. बॅकअप माझ्या डहाणूच्या ऑफिसात, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. आजोबांकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात रमीताई आल्या. दवाखान्याची साफसफाई त्या करतात. पुतणीच्या लग्नासाठी शनिवारपासून रजेवर होत्या, सोमवारी बस उशिरा मिळाली. कपाटाकडे बघून म्हणाल्या, "दादा, मी पुसल्याशिवाय तो चालू होत नाही."

मी हसलो. "ताई, पुसण्याचा आणि त्याचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत? सकाळी बटण दाबते, नंतर त्या कीबोर्डवरून फडकं मारते. मारलं की हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. एक दिवस आधी फरशी पुसली, तर तो तसाच बसून राहिला."

"पुसू द्या की तिला," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

ताईंनी फडकं घेतलं आणि कीबोर्डवरून इकडून तिकडे, चार-पाच वेळा, दाबून फिरवलं. स्क्रीनवर ओळी धडाधड पळाल्या... सर्व्हर चालू. त्या पळत्या ओळींत 'रँडम' हा शब्द दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

सोपं करून सांगतो. कॉम्प्युटर सांगितल्याबरहुकूम चालतो, त्यामुळे कुणालाच ओळखता येणार नाही असा 'रँडम' आकडा त्याला स्वतःहून सुचत नाही. पण नोंदी सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या अशाच आकड्यांपासून बनतात. म्हणून सिस्टीम बाहेरचा अनियमितपणा गोळा करते... कुठलं बटण नेमकं कुठल्या क्षणी दाबलं, माऊस कसा हलला, फिरती डिस्क किती वेळाने उत्तर देते. याला एन्ट्रॉपी म्हणतात.

मी माऊस काढला होता. फिरती डिस्क काढली होती. प्रोसेसर जुना, त्यात असे आकडे बनवायची सोय नाही. जुनी सिस्टीम पुरेसा साठा नसला तरी आकडे देऊन टाकायची. नवी कडक... साठा होईपर्यंत आकडा मागणाऱ्या प्रोग्रामला थांबवून ठेवते. नुसतं थांबलं तर साठा हळूहळू आपोआप भरतो, शनिवारी तसंच झालं; पण बंद-चालू केलं की मोजणी पुन्हा शून्यापासून! महिनाभर तो साठा रोज सकाळी रमीताई भरत होत्या.

मॅडमना इंजेक्शनचं नाव सापडलं. त्यांनी ट्रेमधली एक बाटली उचलून बाजूला ठेवली... नेहमीच्या सवयीने तेच औषध दिलं गेलं असतं. दुसरं दिलं. दुपारपर्यंत आजोबांची धाप कमी झाली, सुनेने आणलेली पेज ते स्वतःच्या हाताने प्यायले.

प्रोसेसरच्या कामाच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून एन्ट्रॉपी गोळा करणारा एक छोटा प्रोग्राम मिळतो. तो टाकला, बॅकअपची एक प्रत दवाखान्यातही ठेवली आणि मशीन मुद्दाम बंद करून रमीताईंना चालू करायला लावलं. "आता हात लावायचा नाही हं." त्या फडकं पाठीमागे धरून उभ्या राहिल्या. वीस सेकंदांत हिरवा दिवा लुकलुकला.

मी म्हटलं, "ताई, मी बारा वर्षं हे काम करतो, पण आज तुम्ही होतात म्हणून निभावलं." त्यावर त्या म्हणाल्या, "मी रोज बघते ना त्याला. तुम्ही कधी तरी येता."

खरंय. आता कुठेही बिघाडासाठी गेलो की स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी एकच विचारतो... इथे रोज कोण असतं? आणि ते माणूस सांगेल ते हसण्यावारी न नेता आधी करून बघतो.