दीड विहीर आणि एका दिवसाचा पाहुणा

आमच्या नियोजन विभागात एकदा कागद फाईलला लागला की तो परत सापडत नाही. किस्स्यांची फाईल कुणी केली नाही, म्हणून ते अजून जागेवर आहेत. चहाच्या वेळी कुणीतरी एक काढतो, लगेच दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा थंड होतो!

विद्यापीठाचं हे उपकेंद्र आष्ट्याच्या अलीकडं आहे, चारी बाजूंनी ऊस. विभागात आम्ही चौघं. अधीक्षक शिंदे साहेब, कॉम्प्युटरवर सुतार मॅडम, दारावर फौजेतून रिटायर झालेले शिराळ्याचे माने बापू, आणि मी शिपाई. माझं शिक्षण नववीपर्यंत. त्यामुळं या खोलीत पुढच्या पाच वर्षांचं उच्च शिक्षण ठरत असतं, तेव्हा मी बहुतेक पाणी देत असतो.

माझं पद अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की एका दिवसाचा खंड, म्हणजे त्या दिवशी मी नोकरीत नाही. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. यंदा मात्र वरून पत्र आलं होतं : कंत्राटी पदाची गरज बैठकीत पटवून द्या, न पटल्यास पद रद्द. आमचं घर जतकडचं, मेंढरांवर चालणारं. चारा संपला की कळप घेऊन पायी निघायचं. आईचे गुडघे गेले, म्हणून ती माझ्याजवळ आष्ट्यात एका खोलीत राहते. पद गेलं की खोली गेली, आणि आईला परत कळपामागं चालणं आलं. त्यामुळं यंदा सगळे किस्से मी हसत हसत ऐकले, पण अर्धं लक्ष त्या पत्राकडं होतं.

* * *

पाच वर्षांचा आराखडा करायची आमची पद्धत सोपी आहे. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि दरवर्षी दहा टक्के वाढवायचा. सुतार मॅडमनी एक्सेलमध्ये फॉर्म्युला घातला आणि माऊसनं ओढला. पंखे वाढले, खुर्च्या वाढल्या, पुस्तकं वाढली. त्याच ओढीत पदांचा तक्ताही आला.

बैठकीत संचालक मोठ्यानं वाचायला लागले. "संचालक : पहिल्या वर्षी एक. दुसऱ्या वर्षी एक पूर्णांक एक..." पाचव्या वर्षी जवळजवळ दीड संचालक!

संचालक अंगानं चांगले भरलेले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा अंदाज माझ्याकडं बघून केलाय काय?"

कुणी हसेना. ते स्वतः हसले, मग सगळे हसले. शिंदे साहेबांनी घाईघाईनं पान उलटलं. पुढच्या पानावर विहीर होती. तीही दीड!

दारातून बापू म्हणाले, "अर्धी कुठली खणायची सायेब? वरली का खालली?"

* * *

परीक्षांच्या तारखा ठरवणाऱ्या माणसानं शिराळा गाव बघितलेलं नसावं. त्यानं प्रॅक्टिकल परीक्षा बरोबर नागपंचमीला, म्हणजे शिराळ्याच्या सगळ्यांत मोठ्या सणाला, टाकली.

सकाळी शिराळ्याची दहाबारा पोरं दारात. शिंदे साहेबांनी सुट्ट्यांची यादी पुढं केली. "यात नागपंचमी नाही. मी काय करू? तारीख पुढं ढकलायची तर रीतसर अर्ज द्या."

एक पोरगं म्हणालं, "कुठली तारीख सर? परीक्षेची का पंचमीची?"

साहेब चिडले. "परीक्षा होणार म्हणजे होणार! परीक्षकांना मी आत्ता फोन लावतो."

फोन लावायची गरज पडली नाही. मॅडमनी टपालातून एक कागद काढून साहेबांपुढं ठेवला. परीक्षक शिराळ्याचेच होते. त्यांचा रजेचा अर्ज आदल्या दिवशीच आला होता!

* * *

नवीन कोर्स काढायचा तर गावात त्याला मागणी आहे का, याची पाहणी करावी लागते. मेंढीपालनाचा सहा महिन्यांचा कोर्स निघणार होता. एक प्राध्यापक फॉर्म घेऊन निघाले आणि वाट दाखवायला मला घेतलं, कारण भाग माझा.

दुपारची वेळ. माळावर आमच्या भागातले एक जुने मेंढपाळ, तात्या, मेंढरं बसवून बसलेले. प्राध्यापकांनी फॉर्म वाचून दाखवला.

"शिकवणार कोण?" तात्यांनी विचारलं.

"मीच."

तात्यांनी काठी कळपाकडं केली. "मग ह्यातलं आजारी कुठलं, तेवढं सांगा."

प्राध्यापक माणूस प्रामाणिक. चष्मा पुसून त्यांनी पाच मिनिटं कळप बघितला. मग कडेला मान टाकून निजलेल्या एकाकडं बोट दाखवलं.

"ते कुत्रं हाय, सायेब," तात्या म्हणाले. "आन् त्ये बरं हाय."

मी मान खाली घातली. हसलो असतो तर नोकरी गेली असती, आणि न हसता उभं राहणंही अवघड होतं. शेवटी प्राध्यापकांनी विचारलं, "तर मग, प्रवेश घ्याल का?"

"आवं, तुमीच या की सा म्हैनं हिकडं!"

प्राध्यापकांनी फॉर्मवर लिहिलं : शिकण्याची तीव्र गरज आढळली.

कुणाची, ते लिहायला रकाना नव्हता.

* * *

माझ्या पदाची गरज पटवून द्यायची म्हणून शिंदे साहेबांनी मला एक वही दिली. "बिरू, आठवडाभर जे जे काम करशील ते खरं खरं लिही. तेच वर पाठवू."

मी मन लावून लिहिलं. शनिवारी साहेबांनी वही उघडली.

सोमवार : साहेबांचा चष्मा शोधून दिला. मंगळवार : साहेबांचा चष्मा शोधून दिला, दोन वेळा. बुधवार : साहेबांनी हरवलेली फाईल साहेबांच्याच डब्याच्या पिशवीत सापडली. गुरुवार : साहेब झोपले असताना आलेल्या माणसाला साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगितलं.

साहेबांनी शुक्रवार वाचलाच नाही. वही मिटून म्हणाले, "हे पाठवलं तर तुझं पद राहील रं, पण माझं जाईल!"

वही कपाटात गेली. वर काहीच गेलं नाही.

* * *

आणि बैठक ठरली ती नेमकी माझ्या खंडाच्या दिवशी!

आदल्या संध्याकाळी ओळखपत्र जमा केलं होतं. पण घरी बसवेना. आई सारखी विचारत होती, "ठरलं का रं?" नऊ वाजता मी उपकेंद्राच्या दारात. बापूंनी हात आडवा केला.

"ओळखपत्र?"

"बापू, काल तुमच्याकडंच दिलं की."

"मग आज तू आमचा न्हाईस. ड्युटी म्हंजे ड्युटी. रजिस्टर भर."

पाहुण्यांच्या रजिस्टरात मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढचा रकाना 'कोणाला भेटायचे'.

"कुणालाच न्हाई, बापू."

"रकाना रिकामा चालत न्हाई." बापूंनी पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : शिपाई, नियोजन विभाग.

मी पाहुण्यांच्या बाकड्यावर बसलो. अकराला बाहेरगावचे अध्यक्ष आले. या बैठकीला गावचा एक सामान्य नागरिक लागतो, त्याशिवाय ती ग्राह्य धरत नाहीत. आष्ट्याचे एक बागायतदार ठरलेले होते. त्यांचा फोन आला, "तोडणीची टोळी आलीया फडात! ऊस सोडून कसा येऊ?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग बैठक रद्द. एकही नागरिक नाही म्हणजे काय?"

बापू रजिस्टर घेऊन आत गेले. "हाय की सायेब. नऊपास्नं बसलाय."

मला आत नेऊन थेट खुर्चीत बसवलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसत होतो. समोर शिंदे साहेब चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या डोक्यावर होता. 

मी म्हणालो, "साहेब, मी खरं तर..."

"लाजू नका, बिरुदेवराव," अध्यक्ष रजिस्टर बघून म्हणाले. "समाजानं बोललंच पाहिजे."

सातवा विषय, कंत्राटी शिपाई. एक सदस्य म्हणाले, "या पदाची गरजच काय? काढून टाका." अध्यक्ष माझ्याकडं वळले.

"तुम्ही इथं येता का कधी?"

"रोज येतो साहेब."

"रोज! बघा, समाजाला किती आस्था आहे. मग हा शिपाई जागेवर असतो का?"

खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. "मी आलो की असतोच."

"माणूस कसा आहे?"

मी बराच विचार केला. "तसा बरा आहे. बोलत नाही जास्त."

"मग आज कुठं दिसत नाही तो?"

"आज तो नोकरीत नाही, साहेब."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. बैठक सुरू होऊन तास झाला होता. टेबलावर पाण्याचा ग्लासही नव्हता. "म्हणून चहा आला नाही अजून!" ते म्हणाले, आणि 'पद काढून टाका' म्हणणारे सदस्यच सगळ्यांत आधी मान हलवायला लागले. "पद आवश्यक. लिहा, नागरिकांचीही मागणी."

चहा म्हटल्यावर मी सवयीनं उठलो. मागून बापूंनी खांदा दाबला. "बसा. पाहुणं हाय तुमी."

ट्रे घेऊन शिंदे साहेब स्वतः आले. पहिला कप माझ्यापुढं ठेवला. "घ्या, बिरुदेवराव." कपात साखर नव्हती. साखरेचा डबा कुठं असतो, ते साहेबांना माहीत नव्हतं.

निघताना बापूंनी दारात परत हात आडवा केला. रजिस्टरात शेवटचा रकाना राहिला होता, 'भेट झाली का'. मी काय लिहू म्हणून उभा राहिलो. बापूंनी पेन घेतलं आणि फौजी अक्षरात लिहिलं :

'आज झाली नाही. उद्यापासून जागेवर भेटतील.'