आत्याच्या मेसवर लावून पाहिलेला कोर्स

कांताबाईंचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या ऑफिसात बियाण्यांच्या ऑर्डरी घेत होतो. कांताबाई म्हणजे आत्याच्या मेसमध्ये वर्षानुवर्षं पोळ्या लाटणाऱ्या, फोनवर नेहमी ओरडून बोलणाऱ्या. त्या सकाळी हळू बोलल्या, तेव्हाच मी पेन खाली ठेवलं. "बापू, बाई गेल्या. आंगोळ करून बसल्या अन्..." पुढचं मला ऐकू आलं नाही. महिना होऊन गेला, तरी अमरावतीची बस दिसली की चढावंसं वाटतं.

सुमनआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. तिनं अमरावतीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत मेस काढली. मी पातूरहून बी.एस्सी.साठी आलो तो तिच्याकडेच राहिलो. दुसऱ्या वर्षाला कॉलेजात डिग्रीबरोबर करता येणारा व्यवसाय व्यवस्थापनाचा सर्टिफिकेट कोर्स निघाला. वर्षभर रोज संध्याकाळी दोन तास, फी वेगळी. बाबा फोनवर म्हणाले, "डिग्री शिकून राह्यला ना? मंग हे कायले?" त्यांचंही चुकत नव्हतं. संध्याकाळच्या माझ्या शिकवण्या बुडणार होत्या आणि शेवटी हाती येणार होता एक कागद. पण मला बियाण्यांच्या एखाद्या कंपनीत खुर्चीवर बसायचं होतं, आणि नुसत्या वनस्पतिशास्त्रावर कुणी खुर्ची देईल असं वाटत नव्हतं.

आत्यानं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. "कामाचा हाय का नाई, हे कागदावरून कसं समजन? आपल्या मेसवर लावून पाह्य एक महिना. जमलं तं भरू फी."

मी हुरळलो. ग्रंथालयातून त्या कोर्सची पुस्तकं आणली आणि मेसमध्ये काय वाया जातं ते बघायला लागलो. जेवायला न येणारी मुलं आधी सांगत नसत, अन्न उरायचं, आणि वर आत्या त्यांना खाडाही द्यायची, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करायची. मी भिंतीवर कागद लावला: आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा मिळेल. आठवड्याभरात उरणाऱ्या पोळ्या निम्म्यावर आल्या. मनातल्या मनात मी फी भरूनही टाकली.

त्याच महिन्यात मेसमध्ये दोन्ही वेळ जेवणारी धारणीकडची ललिता दोन दिवसांसाठी गावी गेली आणि आठवडाभर अडकली. रस्ता खचला, जीपा बंद, फोनला रेंज नाही. परत आली तेव्हा मी तिला भिंतीवरचा कागद दाखवला. तिनं तो वाचला. पुढल्या महिन्यापासून एकच वेळची मेस लावते, एवढंच म्हणाली, आणि मी शहाण्यानं तिचं नाव 'एक वेळ'खाली लिहूनही घेतलं! आत्यानं मात्र तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. "काहून वं, राती भूक नाई लागत तुले?" तेवढ्यावर ती पोर ढसाढसा रडली. बुडालेले पैसे भरून काढायला ती रात्रीचं जेवण सोडणार होती. आत्यानं मला हाक मारली. "सांग तिले, चूक कोनाची." मी सांगितलं, पण मान वर होत नव्हती. तिचा खाडा दिला, दोन्ही वेळची मेस पुन्हा लावली आणि भिंतीवरचा कागद फाडायला निघालो, तर आत्या म्हणाली, "फाडू नको. खाली लिही, गावाले अडकला तं खाडा भेटन."

आता कोर्सचं नाव काढायची सोय राहिली नाही असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी तिनं फीचा पहिला हप्ता माझ्या पुढ्यात ठेवला.

"पण आत्या, जमलं कुठं?"

"म्हनूनच जाय. तुले तं काईच येत नाई अजून."

कोर्स झाला. पुढे अकोल्यात मुलाखतीत विचारलं, तुमची फसलेली एखादी योजना सांगा. मी ललिताची गोष्ट सांगितली आणि नोकरी लागली. एवढं सगळं असूनही गेल्या दिवाळीत, पाहुण्यांसमोर, मी मोठेपणानं बोलून गेलो, "त्या सर्टिफिकेटचा काडीचा उपयोग झाला नाही. वर्ष वाया गेलं." आत्या शेजारीच करंज्या लाटत होती. "बरं," म्हणाली.

तेरवीच्या दिवशी भांडी आवरताना कांताबाई सहज बोलल्या, "रविवारी सांजीले मेस बंद राहे. बाईले तेवढाच आराम. तुमच्या कोर्सच्या साली एक रविवार बंद नाई ठेवला त्याईनं. हप्ते होते ना." मला ते रविवार आठवतात. पोरं उपाशी राहतात म्हणून मेस चालू ठेवते, असं तिनं सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं. वर खोलीत अभ्यास करत बसायचो, आणि तिची हाक आली की खाली जाऊन गरम पोळी खायचो... बाबांशी भांडताना फी मोजली होती, शिकवण्या मोजल्या होत्या. तिचे रविवार कुणी मोजलेच नव्हते.

ती "बरं" म्हणाली तेव्हा तिचं लाटणं क्षणभर थांबलं होतं का, हे मी रोज आठवून पाहतो. आठवत नाही. मी पाहुण्यांकडे बघत होतो.