चित्राविना बॅनर

रुचिकाशी गोड बोलणारा माणूस मी शहाद्यात अजून पाहिला नाही, आणि तिनेही कोणाला तशी संधी दिलेली नाही. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारी तिचं फ्लेक्सचं. वाढदिवस, दशक्रिया, नेत्यांचं आगमन, सगळं तीच सजवते. बॅनरवर एखादं नाव सुटलं की इथे डोकी फुटतात. तिचे वडील दोधूआप्पा तर गणपती मंडळाने नाव गाळलं म्हणून बॅनरखालीच ठाण मांडून बसले होते. दुसरं छापून आणलं तेव्हाच उठले.

हेच आप्पा पोरीच्या चित्रांना रेघोट्या म्हणायचे.

अशात भूपेंद्र उगवला. गावचाच, पण पुण्यात राहून शेफारलेला. त्याला सिनेमा काढायचा होता: प्रकाशा गावाजवळ तापीत परग्रहावरचं यान कोसळतं. शूटिंगआधी प्रत्येक प्रसंग चौकटीत काढून ठेवायचा, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. तो रुचिकाने उन्हाळाभर काढला. तिची अट एकच, पोस्टरवर नाव. कारण घरी आप्पा म्हणाले होते, "नाव दखाड, मंग मानसू."

पोस्टरचं चित्रही तिचंच. छापायच्या आदल्या दिवशी भूपेंद्रने नावं पाठवली. स्टोरीबोर्डपुढे त्याच्या मेहुण्याचं नाव! त्याला साधी रेघ ओढता येत नाही. तिने विचारलं, तर हा दुकानात उभा राहून शुद्ध मराठीत म्हणतो, "तू फक्त हात चालवलास गं. कल्पना आमची." माझं डोकंच सणकलं. असल्या माणसाला चपलेने मारावं.

रुचिका नुसतं "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे, पुणेकराला कुठून असणार?

पहिल्या खेळाला हॉलच्या दारावर त्या पोस्टरचं बॅनर चढलं. पांढरंफटक. यान नाही, तापी नाही, खाली नुसती नावं. लोक हसू लागले.

"चित्र कुठे आहे?" भूपेंद्र किंचाळला.

"जिन्हं नाव नही, तिन्हं चित्र बी नही," रुचिका म्हणाली.

"तुझी लायकी वाढदिवसाच्या बॅनरचीच!"

तेवढ्यात गर्दीतून दोधूआप्पा पुढे आले. त्यांनी एकेका नावाकडे बोट करत सगळं वाचलं. मग धोतर सावरलं आणि बॅनरखाली, ऐन दारात, ठाण मांडलं.

"मन्ही पोरनं नाव टाक," ते भूपेंद्रला म्हणाले, "मंगच सिनेमा."