खारवणाचं पाणी

"सर, तुम्ही असं करा, खुर्ची घेऊन दाराबाहेर बसा. आवाज येईल तुम्हाला."

हे वाक्य मला उद्देशून होतं. मी चव्वेचाळीस वर्षांचा, बीएस्सी बीएड, आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणारा माणूस. सभागृहात जिल्ह्यातले चाळीसेक विज्ञान शिक्षक. बोलणारे होते आमचे तज्ज्ञ मार्गदर्शक, शहरातून खास बोलावलेले. आवाज इतका गोड की काही क्षण मला वाटलं, माझी सोय बघतायत.

मी काय केलं? "हो सर" म्हणालो. वर "सॉरी सर" पण म्हणालो. खुर्ची उचलली, ती दाराच्या चौकटीत अडकली. आडवी करू की तिरकी, सुचेना. सगळे बघतायत आणि मी खुर्चीशी झटतोय. शेवटी शिपायानं ती सोडवून बाहेर ठेवली, चपलांच्या कपाटाशेजारी. दार लागलं. आत सुगंधाचा फवारा मारल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा, पाचदा. दाराखालच्या फटीतून मोगरा बाहेर आला आणि माझ्या पायाशी बसला.

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली होती, ती आधी सांगतो.

आमची शाळा काशीदच्या पुढे, समुद्राला लागून. वर्गात बसलं की लाट ऐकू येते आणि वारा फिरला की बोंबलाचा वास. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्याचाही आरसा फुटलेला. चौदा वर्षं मी पेशी शिकवतोय, फळ्यावर खडूनं. खरी पेशी आयुष्यात एकदा दिसली. कांद्याची साल काचपट्टीवर ठेवून मी ओरडलो, "बघा पोरांनो, केंद्रकसुद्धा दिसतंय." सगळ्या वर्गानं रांग लावून पाहिलं. नंतर पुस्तक काढून ताडून पाहिलं तेव्हा कळलं, तो हवेचा बुडबुडा होता. वर्गाला अजून सांगितलेलं नाही. त्या पोरांची लग्नं झाली, ती पण बुडबुडाच धरून बसली असतील.

म्हणून पालीचं हे तीन दिवसांचं प्रशिक्षण माझ्यासाठी मोठं होतं. इथून सहा शिक्षक निवडून मुंबईच्या एका संशोधन संस्थेत बारा दिवस राहायला पाठवणार होते. प्रत्येकाला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक. अट एकच, वय पंचेचाळीसच्या आत. माझं हे शेवटचं वर्ष. इतकी वर्षं असल्या पत्रावर मुख्याध्यापक दुसऱ्या कुणाचं नाव घालायचे आणि मला मतदार याद्यांच्या प्रशिक्षणाला धाडायचे. यंदा ते दुसरे सर आजारी पडले. मी त्यांना फळं घेऊन भेटायला गेलो, तेव्हा चेहरा पडलेला ठेवायला फार कष्ट पडले.

निवडीसाठी प्रत्येकानं एक प्रयोग करून दाखवायचा होता, खर्च शून्य, वस्तू परिसरातली. मी आईचा प्रयोग घेतला.

माझी आई मुशी, म्हणजे छोटे शार्क मासे, मिठात खारवते. मोठ्या हंड्यात मीठपाणी करते आणि त्यात बटाटा टाकते. बटाटा तळाला गेला तर मीठ कमी. "तो तोंड वर काढीपरत घालत ऱ्हायाचा," असं ती सांगते. तिच्याकडे ना तराजू ना माप. घनता हा शब्द तिनं कधी ऐकलेला नाही आणि तिची मुशी कधी सडलेली नाही. यापेक्षा चांगला धडा मला कुठे मिळणार होता?

चूक इथे झाली. पालीत गेल्यावर साध्या पाण्यात मीठ कालवलं असतं तरी काम झालं असतं. पण मला वाटलं, खरं पाणी न्यावं. म्हणून आईच्या हंड्यातलं खारवणाचं पाणी थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत भरलं. भरल्यावर वास घेऊन बघितला. नव्हता. आईला हुंगायला दिली.

"कसला वास?" ती म्हणाली. "पानी हाय."

त्या घरात दोन नाकं, दोन्ही तिथेच वाढलेली. वास येणार कुणाला?

पहिल्या दिवशी दुपारी माझी पाळी आली. सभागृहाला एसी, खिडक्या बंद, टेबलावर पांढरी चादर. आई मुशीच्या खारवणात बटाटा कसा टाकते, एवढं कसंबसं सांगितलं. कुणासमोर बोलायचं म्हटलं की माझं पोट आधी बोलतं. आधाराला म्हणून मी बाटली डाव्या हातानं गच्च आवळली आणि उजव्या हातानं झाकण काढलं. पातळ प्लास्टिकची बाटली आवळली की द्रव कुठे जातो, हे मी आठवीला शिकवतो. तो चादरीवर गेला. माझ्या शर्टावर गेला. थोडा तज्ज्ञ सरांच्या बाहीवर गेला.

मग एकेकाचा रुमाल नाकाशी गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाजार भरला रे." हसू पसरलं. मीही हसलो. त्याचीच मला जास्त लाज वाटते. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

आणि मग ते खुर्चीचं वाक्य.

बाहेर बसलो तेव्हा मला राग आला नव्हता. भीती वाटत होती. नाव कापतील का? मुख्याध्यापकांना फोन जाईल का? शिपाई चहा घेऊन आत जाताना माझ्याकडे बघेल का? तो बघायला लागला की मी वहीत डोकं घालायचो. हो, वही उघडून मी टिपणं घेत होतो. दाराबाहेर बसून. आज्ञाधारकपणाला काही मर्यादा असते, ती मला कुणी शिकवलेली नाही.

आत पुढचा विषय चालू झाला, 'सर्वांना सामावणारा वर्ग'. दारातून सरांचा आवाज आला, "आपल्या वर्गात एकही मूल कडेला पडता कामा नये." मी ते लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात. खाली रेघ मारली.

रेघ मारता मारता हात थांबला. मला हर्षदा आठवली.

हर्षदा माझ्या नववीत आहे. शाळेत यायच्या आधी आईबरोबर खळ्यात बोंबील वाळत घालून येते. पुढच्या बाकावर बसायची. दिवाळीनंतर तिच्या बाजूच्या मुलीनं नाक धरलं आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी घाबरलो. कशाला घाबरलो ते आता सांगतो, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आज हिच्याकडे बघतायत, उद्या पोरं म्हणतील, सर पण त्यातलेच. मी रोज दोनदा आंघोळ करतो. पावडर लावतो, अत्तर लावतो. कुणी आडनाव विचारलं की सांगताना आवाज खाली घेतो. तर मी गोड आवाजात म्हणालो, "हर्षदा, तू मागे खिडकीशी बस. वारा लागेल तुला."

आवाज येईल तुम्हाला. वारा लागेल तुला.

एकच वाक्य होतं ते. तोच गोडवा. मी तर माझ्या बाहीवर काही सांडलेलंही नसताना म्हणालो होतो.

चपलांच्या कपाटाला धरून मी उठलो आणि पुन्हा बसलो. पळून जावंसं वाटलं. पळून जायचं कुठे, पालीहून आमच्याकडची शेवटची एसटी दुपारीच निघून गेली होती.

चहाच्या सुट्टीत म्हसळ्याच्या मॅडम बाहेर आल्या. आदल्या तासाला माझ्या शेजारी बसल्या होत्या. हातात दोन कप.

"घ्या भाऊ. आत मोगऱ्यानं डोकं उठलंय. त्यापेक्षा तुमची मुशी बरी होती."

"वास येतोय का अजून?"

"येतोय ना," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

चहा मी त्यांच्या हातून घेतला, पण नजर वर केली नाही.

सुट्टी संपता संपता तज्ज्ञ सर स्वतः आले. बाही धुतलेली. खांद्यावर हात ठेवला.

"गैरसमज करून घेऊ नका हं. एसी हॉल आहे, वास बसतो. तुमची आयडिया मात्र उत्तम आहे. मी काय म्हणतो, उद्या पुन्हा करा. नवीन बाटली, स्वच्छ मीठपाणी. आणि ते आई, मुशी वगैरे काढून टाका. फक्त घनता बोला. मुंबईच्या यादीत तुमचं नाव मी धरून चालतो."

"हो सर," मी म्हणालो. पुन्हा एकदा.

संध्याकाळी देवळाकडच्या बाजारात जाऊन नवीन बाटली आणली, पुड्यातलं बारीक मीठ आणलं. खोलीवर पाणी कालवलं, बटाटा टाकून पाहिला. छान तरंगला. पाणी काचेसारखं. वास नाही, आई नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. बारा दिवस, स्वतःचा सूक्ष्मदर्शक. पेशी दिसेल, खरी. परत येऊन वर्गाला सांगेन, तुमच्या मोठ्या भावंडांना मी दाखवला तो बुडबुडा होता बाळांनो, आता हे बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाटल्या पिशवीत टाकून गेलो. आईची का घेतली ते विचारू नका. फेकायला जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

सरांनी माझं नाव पुकारलं. "कालचा अपघात विसरून जाऊ," म्हणाले. हशा झाला. टेबलावर नवी चादर. मी उभा राहिलो. गुडघा टेबलाला लागला आणि काचेचे ग्लास वाजायला लागले. पिशवीत हात घातला. दोन झाकणं हाताला लागली. एक नवं, गुळगुळीत. एकावर मीठ वाळून खरखरीत झालेलं.

खरं सांगतो, धाडस वगैरे काही नव्हतं. भीतीच होती. फक्त आदल्या दिवसापेक्षा वेगळी भीती. मला दिसत होतं, मी नवी बाटली काढली तर बारा दिवसांनी परत येईन, चांगलं शिकून येईन, आणि हर्षदाला खिडकीशीच ठेवीन. आणखी गोड आवाजात ठेवीन.

मी खरखरीत झाकण धरलं. या खेपेला बाटली आवळली नाही. एवढं शिकलो होतो.

पाणी ग्लासात ओतलं. वास उठला. रुमाल वर गेले. मी बोलायला लागलो तर आवाज बोकडासारखा निघाला. थांबलो, पुन्हा बोललो.

"हे खारवणाचं पाणी आहे. माझ्या आईच्या हंड्यातलं. ती कोळीण आहे, मुशी खारवते. मीही कोळीच आहे. वास येतोय, तो येणारच. ज्यांना सहन होत नसेल त्यांनी खुर्ची घेऊन दाराबाहेर बसा. आवाज येईल तुम्हाला."

कुणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. म्हसळ्याच्या मॅडम उठल्या, मला वाटलं त्याही चालल्या. त्यांनी खिडकी उघडली आणि जागेवर येऊन बसल्या. मी बटाटा सोडला. तो खाली गेला, माझा जीव गेला, आणि हळूहळू वर येऊन त्यानं तोंड बाहेर काढलं.

"वेळ संपली," तज्ज्ञ सर म्हणाले. माझी अजून चार मिनिटं होती. पहिल्यांदाच मी "हो सर" म्हणालो नाही. उरलेली चार मिनिटं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. मग जाऊन बसलो, आत, दुसऱ्या रांगेत.

यादी लागली. सहा नावं. त्यात मी नाही. पुढच्या वर्षी मला पंचेचाळीस पूर्ण झालेली असतील, म्हणजे ते दार बंद. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "काय तमाशा केलात तिकडे? फोन आला होता." इथून पुढे मला मतदार याद्याच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पानी सांडलंस तो सांडलंस, बाटली तरी आनलीस का परत?"

शाळेत गेलो त्याच दिवशी हर्षदाला म्हणालो, "पुढे येऊन बस."

तिनं वही बंद केली नाही. मान वर केली नाही.

"हितंच बरा हाय सर. वारा लागतो."

सगळ्या वर्गाला माझं वाक्य पाठ होतं. कुणी हसलं नाही, आणि मी खडू शोधायला लागलो. खडू हातातच होता.

हे शनिवारी झालं. सोमवारी पहिला तास नववीचा आहे. मी तिला पुढे ये म्हणणार नाही. आधी सगळ्यांसमोर सांगणार आहे की दिवाळीनंतर मी तिला मागे का बसवलं. वास तिचा नव्हता, भीती माझी होती, आणि मीही त्याच खळ्यातून आलोय. बुडबुड्याचंही सांगणार आहे. आईची बाटली टेबलावर असेल, झाकण काढलेली. हर्षदा आली पुढे तर आली. नाही आली तर तो तिचा हक्क, माझी सुटका नाही.

आत्ता लिहितानाही भीती आहेच. ती जाईल असं मला वाटत नाही. पण मला कुणी पुन्हा दाराबाहेर बस म्हणालं, तर मी बसणार नाही. आणि माझ्या वर्गात ती खुर्ची कुणासाठीही टाकणार नाही. घाबरत घाबरत, पण नाही.