शेवटच्या प्रकरणाला टाके

माझी आत्या कपडे शिवते आणि खुनाच्या कादंबऱ्यांवर जगते. तिच्या दुकानात एका फळीवर दोऱ्यांची रिळं, दुसऱ्या फळीवर रहस्यकथा. माप द्यायला आलेली बाई नुसतं माप देऊन सुटली, असं सहसा होत नाही. टेप गळ्यात टाकून आत्या विचारते, "सध्या काय वाचताय?" 'काही नाही' म्हणणारीची धडगत नसते.

पुस्तक न्यायला मात्र एक अट आहे. शेवटचं प्रकरण ती धावदोऱ्याने शिवून टाकते. मागे एका गिऱ्हाइकाने ट्रायल रूमच्या पडद्याआडून दुसरीला खुनी कोण ते सांगून टाकलं, तेव्हापासून आत्याने कानाला खडा लावला. आता दुकानात यायचं, आपला संशयित सांगायचा, कारणं द्यायची. बरोबर असेल तर आत्या टाके उसवते, नाहीतर म्हणते, "पुन्हा वाचा." कात्री काय, प्रत्येकाच्या घरी असते. पण परस्पर उसवलेलं पुस्तक आत्याच्या हातात द्यायची छाती कुणाची होत नाही.

आई गेली आणि बाबा घरात बसले. आधी बरं वाटत नाही म्हणून, मग पाय दुखतो म्हणून, मग कारण सांगायचंही त्यांनी सोडलं. आयुष्यभर जमिनी मोजत उन्हातान्हात हिंडलेला माणूस पलंगावरून खिडकीशी जाई आणि खिडकीपासून पलंगावर येई. हे असेच हळूहळू विझून जातील, अशी मला भीती वाटायची. डॉक्टरांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी बोलावलं, मी भांडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका रविवारी आत्या आली आणि त्यांच्या उशाशी पुस्तक ठेवून म्हणाली, "दादा, समुद्रकाठचं एवढंसं गाव आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. दीपगृहाचा राखणदार मेलेला सापडतो, आणि भरतीमुळे त्या वेळी तिकडे कुणी जाऊच शकत नव्हतं. वाच."

"मला इच्छा नाही."

"राहू दे मग. तसाही तुला खुनी सापडायचा नाही. वहिनीला एका बैठकीत सापडला होता."

बाबांनी कूस बदलली. पण संध्याकाळी मी बाहेरून परत आले तर चष्मा नाकावर, आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्या गावाचा नकाशा काढणं चाललेलं. बर्फाचा कारखाना इथे, दीपगृह तिथे, मधे वाळू. जेवताना त्यांनी मला भरती-ओहोटी समजावून सांगितली, मी न विचारता.

मग आले टाके. "ही काय पद्धत झाली? माणसाने आपल्या घरात पुस्तकही वाचू नये?" मी कात्री पुढे केली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. "नको. तिला वाटेल, मी हरलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला शोधत होते. मी मागोमाग निघाले. पायाला काहीही झालेलं नव्हतं. त्यांना गाठताना धाप मलाच लागली.

दुकानातल्या स्टुलावर बसून ते म्हणाले, "पोस्टमन."

"कशावरून?"

"भरतीचं पाणी वाळूच्या वाटेवर येतं. खडकांवरून दुसरी वाट आहे, आणि टपाल घेऊन रोज तिकडे जाणारा तो एकटाच."

आत्या सुईत दोरा ओवत होती. तिने मान हलवली. "चूक. पुन्हा वाच."

बाबा तणतणत घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच. बर्फाच्या कारखान्याचा मालक झाला, शाळेच्या बाई झाल्या, गावचा डॉक्टर झाला. त्यांनी कुणाला म्हणून सोडलं नाही. गिऱ्हाइकंही वादात पडू लागली. वाद घालता घालता बाबा बटणं रंगांप्रमाणे वेगळी करून द्यायचे. एकदा घरी येऊन, कुणीतरी राखणदाराच्या मांजरावर संशय घेतला म्हणून ते खो खो हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पण शेवटी मलाच त्यांची दया आली. बाबा समोर चहा सांगायला गेले होते, तेव्हा मी आत्याला म्हटलं, "सांगून टाक ना आता, खुनी कोण ते."

"पोस्टमन."

"अगं, हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!"

"मग?" आत्या मशीन न थांबवता म्हणाली. "तेव्हाच उसवून दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असता का तो?"

तेवढ्यात बाबा आले. दारातूनच म्हणाले, "मी काय म्हणतो, पोस्टमनच असणार. आता माझी खात्री झाली."

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"चूक, बाबा," मी म्हटलं. "पुन्हा वाचा."